भुईमुगाचा निषेध आणि स्वीकार : बालाहारविषयक एका उपदेशाचा इतिहास

तान्ह्या मुलास कोणते अन्न केव्हा द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु या प्रश्नाचे वैद्यकाने दिलेले उत्तर अवघ्या वीस वर्षांत पार उलटे झाले. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा भुईमुगापुरता विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केली. माशाचे वावडे असलेल्या व्यक्तीचा रक्तरस दुसऱ्याच्या त्वचेत टोचल्यास तेथेही तीच संवेदनशीलता उत्पन्न होते, हे प्राउस्निट्स व क्युस्टनर यांनी १९२१ मध्ये दाखविले. अन्नाशी संपर्क आल्यावाचून संवेदनशीलता उपजत नाही. तेव्हा संपर्कच लांबणीवर टाकावा, असा तर्क पुढे प्रबळ झाला. ब्रिटनमध्ये १९९८ साली, ॲलर्जीचा वारसा असलेल्या कुटुंबांतील मुलांस तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नये, असा शासकीय सल्ला देण्यात आला. अमेरिकन बालरोग अकादमीने २००० साली अशा मुलांसाठी अंडे दोन वर्षांपर्यंत, तर भुईमूग व मासे तीन वर्षांपर्यंत वर्ज्य सांगितले. हा सल्ला सद्‌हेतूने दिलेला होता; मात्र त्यामागे प्रयोगाचे बळ नव्हते. निषेध पाळला जात असतानाही मुलांमधील हे वावडे कमी झाले नाही. अखेर २००८ मध्ये, अशा विलंबास पुरेसा आधार नाही, असे अकादमीनेच मान्य केले.

त्याच वर्षी गिडियन लॅक व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटन आणि इस्राएल येथील ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. भुईमुगाच्या वावड्याचे प्रमाण ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्राएलमध्ये ०.१७ टक्के आढळले. इस्राएलमधील मुले पहिल्या वर्षातच भुईमूग खात असत. तथापि दोन देशांच्या राहणीत इतरही भेद असतात. म्हणून अशा तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

ती उणीव लंडन येथील ‘लीप’ प्रयोगाने भरून काढली. तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बालके त्यात घेतली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले गेले. एकाने भुईमूग नियमित खावा, दुसऱ्याने टाळावा. त्वचापरीक्षेत आरंभी प्रतिक्रिया न दिसलेल्या मुलांमध्ये, पाचव्या वर्षी, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांस आणि खाणाऱ्यांपैकी केवळ १.९ टक्के मुलांस वावडे आढळले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इसबाने दुखावलेल्या त्वचेतून अन्नकण शिरल्यास वावडे उपजते, तर तेच अन्न पोटातून गेल्यास सहिष्णुता येते, या उपपत्तीस त्यामुळे पुष्टी मिळाली.

मात्र ‘लवकर द्यावे’ याचा अर्थ ‘कसेही द्यावे’ असा नव्हे. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या बालकाची आधी तपासणी करावी व चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान भुईमूग सुरू करावा. सौम्य वा मध्यम इसब असल्यास सहाव्या महिन्याच्या सुमारास. अख्खे दाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने ते तान्ह्या मुलास कदापि देऊ नयेत. बारीक वाटून पातळ केलेले द्यावेत.

सावधगिरी ही स्वभावतःच निर्दोष असते, या समजुतीमुळे पहिल्या सल्ल्याकडून कोणी पुरावा मागितला नाही. निषेधालाही विधानाइतक्याच प्रमाणाची गरज असते, हाच या इतिहासाचा बोध होय.