बेजबाबदारपणा
बेजबाबदारपणा : आपल्या कृतीचे किंवा हयगयीचे परिणाम ठाऊक असूनही त्यांचे उत्तरदायित्व टाळण्याचा स्वभावदोष. अज्ञान किंवा एखाद्या दिवसाची चूक म्हणजे बेजबाबदारपणा नव्हे. टाळाटाळ अंगवळणी पडलेली असते, आणि वेळ आली की काखा वर केल्या जातात. मानसशास्त्रातील पंचघटक प्रारूपात कर्तव्यदक्षता या घटकाच्या खालच्या टोकाला तो मोडतो.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या शॉपमध्ये तो नजरेस पडतो. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात; दोन्ही हात गुंतल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, हा हेतू. प्रॉडक्शन वाढावे म्हणून एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवले जाते. मोकळा हात डायमध्ये (साच्यात) जातो आणि बोटे तुटतात. पाचर ऑपरेटरने मारलेली असते, सुपरवायझरने पाहिलेली असते, टार्गेट मात्र वरून आलेले असते. अशा वेळी केवळ ऑपरेटरला बेजबाबदार ठरवणे सोयीचे खरे, पण अपुरे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १११ ने कामगारावर सुरक्षा-साधनांशी छेडछाड न करण्याचे बंधन घातले. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-क ने भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्ये नोंदवली.

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागून अनेक कामगार स्त्रियांचा बळी गेला. दोष एकाच माणसाच्या स्वभावात शोधायला तेथे वाव नाही.