उभ्या चित्रफितींच्या संकलनाला हवी एकच शिस्त

रत्नागिरी, खास प्रतिनिधी - टिकटॉकने रुजविलेला उभ्या, छोट्या चित्रफितींचा प्रकार त्या ॲपवर २९ जून २०२० रोजी बंदी आल्यानंतरही टिकून राहिला. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात दाखल झाले. आज आंबा बागायतदार, निवास-न्याहारी व्यावसायिक आणि नाट्यमंडळेही हे माध्यम वापरतात. एकट्याचे हे काम चौघांकडे गेले की मात्र गोंधळ सुरू होतो. तो टाळण्यासाठी गटाने पुढील पद्धत लिहून ठेवावी.

चित्रीकरण

चौकट ९:१६ प्रमाणात, म्हणजे १०८० बाय १९२० पिक्सेलची असावी. सर्वांच्या मोबाइलवर सेकंदाला २५ चित्रे हा एकच वेग ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने या वेगाला शटर १/५० ठेवल्यास ट्यूबलाइटखालील चित्र लुकलुकत नाही. चौकटीचा तळ आणि उजवी कड येथे ॲपची बटणे येतात. तेथे मजकूर टाकू नये. भाट्ये किंवा मांडवी किनाऱ्यावर वारा आवाज गिळतो. त्यामुळे माइकला फरचे आवरण आवश्यक ठरते.

नावे व साठवण

फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, स्थळ, विषय आणि अनुक्रमांक याच क्रमाने यावेत, उदाहरणार्थ, '२०२५-०४-१२_पावस_आंबातोडणी_०३'. 'अंतिम', 'अंतिम नवे' अशा नावांऐवजी 'आवृत्ती ०१', 'आवृत्ती ०२' लिहावे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेली चित्रफीत आकुंचित होऊन दर्जा गमावते, म्हणून मूळ फाइल केबलने वा 'डॉक्युमेंट' म्हणून द्यावी. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा नियम कोकणच्या दमट पावसाळ्यात विशेष महत्त्वाचा. मोहोराचे चित्रण हरवले तर ते पुढील हंगामापर्यंत परत मिळत नाही. मिरकरवाडा बंदरातील मासेमारीही १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते.

संकलनाचे टप्पे

निवड, कच्ची जुळणी, ध्वनी व रंग, उपशीर्षके आणि तपासणी असा क्रम कायम ठेवावा. प्रत्येक टप्प्याला एकच जबाबदार व्यक्ती असावी. कच्च्या जुळणीला मान्यता मिळाल्याशिवाय रंग आणि उपशीर्षकांवर वेळ खर्च करू नये. उपशीर्षकांसाठी एकच युनिकोड फॉन्ट ठरवावा. काही ॲपमध्ये जोडाक्षरे तुटतात, म्हणून तयार फीत मोबाइलवरच वाचून पाहावी.

तपासणी

संकलकाने स्वतःचेच काम तपासू नये, कारण चूक एकाची असली तरी विश्वास साऱ्या गटाचा जातो. थिबा राजवाड्याचे उदाहरण बोलके आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आला, पण हा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचे निधन झाले. 'राजा या वाड्यात तीस वर्षे राहिला' असे वाक्य तपासनिसाच्या नजरेतून सुटता कामा नये. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतीय फळाच्या चित्रावर ते नाव घालणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आणि बागायतदाराचे नुकसान. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उघड्या सड्यावरील असुरक्षित शिल्पाचे नेमके ठिकाण दाखविल्यास नको ती वर्दळ ओढवते.

संगीत वापरताना १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लागू होतो, याचाही विसर पडू नये. मोबदला घेतला असल्यास जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तसा स्पष्ट उल्लेख करावा.

ही सारी पद्धत एका पानावर मावते. ते पान संकलनाच्या टेबलाजवळ लावले, तर नवा सहकारीही पहिल्याच दिवशी कामाला लागू शकतो.