‘१.१’ ची गोष्ट: प्रोटॉन किरणोपचाराचा हिशेब

आज आपण एका आकड्याचा इतिहास बघणार आहोत. आकडा साधाच आहे: १.१. जगात जिथे जिथे कर्करोगावर प्रोटॉन किरणोपचार होतात, तिथे जवळपास प्रत्येक रुग्णाच्या हिशेबात तो असतो. २०२३ साली खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये हे उपचार सुरू झाले. म्हणजे आपल्या नागपूरकरांसाठी हा विषय आता रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आला आहे.

सुरुवात १९४६ पासून करू. रॉबर्ट विल्सन हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ युद्धकाळात लॉस अलामोसला अणुबाँबच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर त्यांनी एक लेख लिहिला आणि प्रोटॉन उपचारासाठी वापरावेत असं सुचवलं. कारण काय? क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, त्यामुळे गाठीच्या मागच्या निरोगी भागालाही झळ बसते. प्रोटॉन मात्र एका ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त ऊर्जा सोडतो. या शेवटच्या उसळीला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. ते शिखर नेमकं गाठीत बसवायचं, ही विल्सन यांची कल्पना. १९५४ मध्ये बर्कलीला पहिले रुग्ण झाले. १९६१ पासून हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर बोस्टनचे डॉक्टर उपचार करू लागले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथे रुग्णालयातच यंत्र बसलं.

आता अडचण बघा. कोणत्या गाठीला किती मात्रा द्यायची, हे डॉक्टरांना माहीत होतं ते क्ष-किरण आणि कोबाल्टच्या अनुभवातून. ही मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात, म्हणजे एक किलो ऊतीत किती ऊर्जा जिरली ते. पण ऊर्जा सारखी म्हणजे परिणामही सारखा का?

आपल्या काटोल-वरुडकडच्या संत्र्याच्या बागा डोळ्यांसमोर आणा. एक दिवस रिमझिम पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी गारपीट. पर्जन्यमापकात पाणी तेवढंच भरेल. बागेचं काय झालं, ते बागायतदारालाच विचारा! पेशीचंही तसंच आहे. ऊर्जा विरळ पसरली तर डीएनएचे तुटलेले धागे पेशी बऱ्याच अंशी सांधून घेते. तीच ऊर्जा एका जागी दाटीने पडली, तर सांधणं अवघड होतं. एकाच परिणामासाठी क्ष-किरणांची मात्रा भागिले प्रोटॉनची मात्रा, या गुणोत्तराला ‘सापेक्ष जैविक परिणामकारकता’ म्हणतात.

हे गुणोत्तर पेशींवर आणि उंदरांवर मोजलं गेलं. १९७० च्या दशकात यावर बरंच काम झालं. सरासरी १.१ च्या आसपास आली, म्हणजे प्रोटॉन साधारण दहा टक्के जास्त प्रभावी. हिशेब सुटसुटीत झाला: ६० ग्रेचा परिणाम हवा असेल तर ६० भागिले १.१, म्हणजे सुमारे ५४.५ ग्रे प्रोटॉन द्यायचे. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक अहवालानेही हाच आकडा ठेवला.

पण सरासरी ती सरासरीच. २०१४ मध्ये बोस्टनच्या हॅराल्ड पॅगानेट्टी यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. किरण शिरतो तिथे आकडा १.१ च्या जवळ, गाठीच्या मध्यावर सुमारे १.१५, मागच्या कडेला १.३५ आणि मात्रा उतरत जाते तिथे १.७ पर्यंत. म्हणजे रिमझिम पुढे आणि गारपीट मागच्या टोकाला! कागदावर ६० दिसणारी मात्रा मागच्या कडेला ७३ च्या वर भरू शकते. आता समजा, एका लहान मुलाच्या मेंदूत गाठ आहे आणि तिच्या मागे लगेच मेंदूचा देठ आहे. श्वास, गिळणं, सगळं तिथून चालतं. तिथे एक-दोन मिलिमीटरचाही फरक पडतो.

मग १.१ टाकून का देत नाहीत? कारण चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. आकडा जास्त धरला तर मात्रा कमी करावी लागेल, आणि गाठ वाचेल. शिवाय हा आकडा ऊतीगणिक, मात्रेगणिक बदलतो. इतक्या वर्षांचा रुग्णांचा अनुभवही १.१ वरच उभा आहे.

तेव्हा मधला रस्ता निघाला. १९९६ पासून स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत पेन्सिलीसारख्या बारीक झोताने गाठ ठिपक्या-ठिपक्याने भरली जाऊ लागली. प्रत्येक ठिपक्याचं वजन संगणक ठरवतो. मात्रेचा नकाशा जवळपास तोच ठेवून ऊर्जेची दाटी कुठे पडावी, हे हलवता येतं. म्हणून नव्या पद्धतीत संगणकाला दोन अटी घालतात: मात्रा १.१ नेच मोजा, पण दाटी गाठीच्या आत ओढा आणि नाजूक अवयवापासून दूर ठेवा. झोताची दिशाही अशी निवडतात की त्याचं टोक देठासमोर थांबू नये.

शेवटी घरचं बोलू. आपल्याकडे खर्रा खाऊन तोंडाचा कर्करोग होणारे फार. त्यातल्या बहुतेकांना प्रोटॉनची गरज नसते. वेळेवर शस्त्रक्रिया आणि नेहमीचे किरणोपचार नागपुरातच होतात. प्रोटॉनचा मोठा उपयोग लहान मुलांना आणि कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींना. अशा मुलाचे आईवडील खारघरला गेले तर त्यांनी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: “झोताचं टोक कुठे थांबतं, आणि त्याच्या पुढे काय आहे?”

आता आपण प्रश्नांकडे वळू.