हंगामाची भाषा आणि आपला दस्तरखान

मराठी शेतकऱ्याचे वर्ष खरीप आणि रब्बी या दोन हंगामांवर चालते. या दोन्ही शब्दांचे माहेर अरबी आहे. खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. पीक हाती येण्याच्या ऋतूवरून पडलेली ही नावे. मोसम अरबीतला, हंगाम फारसीतला. आपण मराठी मुसलमान भाषेच्या नात्याविषयी पुष्कळ बोलतो. पण ते नाते शेतात आणि स्वयंपाकघरात किती खोल रुजले आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

हिजरी सन चांद्र आहे. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. इबादतीला त्याची अडचण नाही, सारावसुलीला मात्र होती. पीक उभे असतानाच साऱ्याचा तगादा लागायचा. म्हणून 1344 च्या सुमारास दख्खनेत शुहूर सन सुरू झाला. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलते आणि वर्षाचे आकडे सलास, खमस, सबा असे अरबी असतात. म्हणूनच त्याला मृगसालही म्हणत. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या मराठी कागदांवर हाच सन आढळतो. आकडा अरबी आणि पाऊस मृगाचा, असे हे वर्ष शेतकऱ्याला कधी परके वाटले नाही.

नाशिकला मोगल अमलात गुलशनाबाद म्हणत. आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणविषयी अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले, तेव्हा तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी केली. 1638 मध्ये बागलाण मोगलांकडे गेले. राज्ये बदलली, पण मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत पाण्याचा एक वेगळाच कारभार चालू राहिला. त्याचे नाव फड पद्धत.

नदीत बंधारा घालायचा, कालव्याने पाणी न्यायचे आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात एका हंगामात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी असे, म्हणून उसाचा फायदा आणि कोरड्या फडाचा तोटा दोन्ही वाटले जात. पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांना गाव धान्याच्या रूपाने मेहनताना देई. नदीला पाणी कमी असले तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे सगळे मिळून ठरवत. नियम लिहिलेले नव्हते, तरी ते शतकानुशतके पाळले गेले. पुढे विहिरी खोदल्या गेल्या, विजेचे पंप आले, मोसमवर हरणबारी धरण झाले. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला शेजाऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही, आणि बऱ्याच गावांत फड मोडले.

हीच मोसम पुढे मालेगावातून वाहत जाऊन गिरणेला मिळते. शहरात तिची गटार झाली आहे. तिच्या दोन्ही काठांवर आपलीही वस्ती आहे, म्हणून हा इतिहास नुसता वाचून बाजूला ठेवता येत नाही.

आता ताटाकडे वळू. दख्खनी मुसलमान घरांतले सालन हंगामाप्रमाणे बदलत असे. थंडीत मेथी-गोश्त, उन्हाळ्यात कैरी घातलेले गोश्त, पावसाळ्यात अंबाडी किंवा दुधी. पावशेर गोश्तात दोन जुड्या भाजी पडली की सगळे घर जेवत असे. ही काटकसर होती, आणि मंडईत जे स्वस्त आणि ताजे तेच चुलीवर चढे. रमजान तर सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2008 मध्ये तो सप्टेंबरात होता, 2015 मध्ये जून-जुलैत, 2025 मध्ये मार्चमध्ये. इफ्तारला खजूर कायम. तिच्या शेजारचे फळ मात्र ऋतूने ठरवावे. मार्चमध्ये नाशिकची द्राक्षे आणि कलिंगड, जूनमध्ये जांभळे, सप्टेंबरात पेरू. शीतगृहातले दूरदेशीचे सफरचंद बारा महिने मिळते, म्हणून ते बारा महिने खाल्लेच पाहिजे असे नाही.

मोहल्ल्याची भांडी ही अशीच एक जुनी सोय. डेगा, थाळे, तांबे जमातीकडे असत आणि लग्नाकार्याला घरोघर जात. एका थाळ्याभोवती चौघे बसत, अन्न कमी वाया जाई. पुढे थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या आणि ही भांडी अडगळीत गेली. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये त्या पत्रावळ्यांवर बंदी घातली. कायद्याला जे करावे लागले, ते आपला रिवाज पूर्वीच करीत होता.

तेव्हा सुरुवात लहान असू द्यावी. जमातीने भांडी पुन्हा बाहेर काढावीत. वजूचे पाणी गटारात न सोडता मशिदीच्या आवारातल्या झाडांना द्यावे. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला आहेच. दावतीचा बेत ठरवताना आधी मंडईत चक्कर मारावी. आणि मोसमच्या काठी राहणाऱ्यांनी निदान आपल्या गल्लीचा कचरा नदीत जाऊ देऊ नये. फडातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना विचारून पाणी वाटले. आपल्याला तर आधी फक्त शेजाऱ्याच्या दारावर थाप मारायची आहे.