गंधक काढला आणि रेणू उलगडला

केस गळायला लागले की औषधांच्या दुकानात आपला हात बायोटिनच्या बाटलीकडे जातो. या जीवनसत्त्वाची रचना उलगडली ती निकेलच्या एका खोडीमुळे. कारखानदार तिला दोष मानत होते.

मरे रेनी हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले इंजिनिअर. सरकीच्या तेलाला हायड्रोजन जोडून ते घट्ट करायचं, तर चांगला उत्प्रेरक हवा. रेनींनी निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला आणि कॉस्टिक सोड्याने त्यातलं ॲल्युमिनियम विरघळवून टाकलं. मागे उरलं स्पंजासारखं सच्छिद्र निकेल. १९२७ साली त्याचं पेटंट मिळालं. हायड्रोजन वायूत दोन-दोन अणू जोडीने असतात. या निकेलवर ती जोडी फुटते आणि सुटे अणू पृष्ठभागाला धरून राहतात. म्हणूनच ही भुकटी कोरडी होऊन हवेत आली तर आपोआप पेट घेते.

पण तेलात थोडा जरी गंधक असला तरी निकेल निकामी व्हायचं. गंधक म्हणजे उत्प्रेरकाचं विष!

फ्रान्समधल्या बुगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या सुमारास हेच विष कामाला लावलं. निकेल गंधकाला इतकं घट्ट धरतं, तर त्याच्याकडूनच सेंद्रिय रेणूतला गंधक ओढून का घेऊ नये? गंधक निकेलकडे जातो, कार्बनच्या मोकळ्या झालेल्या हातांना हायड्रोजनचे अणू मिळतात आणि बाकीचा सांगाडा बहुधा जसाच्या तसा राहतो. निकेल मात्र यात खर्ची पडतं, त्यामुळे ते भरपूर घ्यावं लागतं.

बायोटिन तेव्हा अतिशय दुर्मीळ होतं. १९३६ साली कोगल आणि ट्योनिस यांनी २५० किलो सुकवलेल्या बलकापासून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळवलं होतं. न्यू यॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो त्याची रचना शोधत होते. एडिसनपासून जवळच असलेल्या रॉवे गावातल्या मर्क कंपनीचे फोकर्स, मोझिंगो वगैरे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला होते. कसून जमवलेला पदार्थ प्रयोगात घालायचा म्हणजे तो गमावायचाच. १९४२ साली त्यांनी बायोटिनवर रेनी निकेल वापरलं. गंधक गेला, त्या जागी हायड्रोजनचे दोन अणू आले, पण रेणूचे दोन तुकडे झाले नाहीत. दहाही कार्बन एकत्रच राहिले. गंधक साखळीतला दुवा असता तर तो काढताच साखळी तुटली असती. म्हणजे तो कड्यात होता. या नव्या पदार्थाला डेस्थायोबायोटिन म्हणतात. त्याचं पुढे विघटन केल्यावर सात कार्बनचं पिमेलिक आम्ल मिळालं आणि साखळीची लांबीही कळली. १९४३ साली मर्कच्या प्रयोगशाळेत बायोटिन कृत्रिमरीत्या तयार झालं. गंधकाच्या संयुगांवरील कामासाठी द्यु व्हिन्यो यांना १९५५चं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे, निसर्ग हाच रस्ता उलटा चालतो. जिवाणू आणि वनस्पती आधी डेस्थायोबायोटिन बनवतात. मग एक विकर त्यातले हायड्रोजनचे दोन अणू उपटून काढतं आणि त्यांच्या जागी गंधक बसवतं. आपल्या शरीराला ही कला येत नाही. म्हणून बायोटिन आपल्याला अन्नातूनच घ्यावं लागतं.