फ्रीडम आणि लिबर्टी

मराठीत आपण दोन्हींना ‘स्वातंत्र्य’च म्हणतो, पण इंग्रजीतले ‘फ्रीडम’ आणि ‘लिबर्टी’ एक नव्हेत. इंग्लंडवरील १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने जे लॅटिन शब्द इंग्रजीत रुजले, त्यांतला ‘लिबर्टी’ एक. त्याच्या मुळाशी ‘लिबर’, म्हणजे जो गुलाम नाही तो. ‘फ्री’ मात्र जर्मानिक कुळातला, ‘फ्रेंड’चा सख्खा भाऊ आणि, किती सुंदर गोष्ट आहे ही, आपल्या ‘प्रिय’चा दूरचा नातलग. जिव्हाळ्याची, कुळातली माणसे ती ‘फ्री’, उरलेले दास, असा त्याच्या अर्थाचा प्रवास अभ्यासक मांडतात.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून वापर पाहावा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१मध्ये भयापासून आणि अभावापासून मुक्ती मागितली, ती ‘फ्रीडम’ म्हणून. तिथे ‘लिबर्टी’ बसत नाही. आपल्या संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात मात्र ‘पर्सनल लिबर्टी’ आहे, कारण तिथे समोर राज्यसत्ता आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मथळ्यात ‘फ्रीडम’ येतो खरा. पण त्याने भेद पुसला जात नाही, एवढेच कळते की ‘फ्रीडम’चा पैस मोठा आणि ‘लिबर्टी’ त्यातला सत्तेसमोरचा भाग. भय-भुकेच्या संदर्भात तरी अनुवादकांनी ‘स्वातंत्र्य’ न लिहिता ‘मुक्ती’ लिहावे, ही विनंती.