दुकानदार कोणाला म्हणावे? अमेरिकेतील बंदूकविक्रीचा एक जुना वाद

मार्च १९६३. शिकागोतील ‘क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स’ या दुकानाकडे मासिकातील जाहिरातीचे कूपन भरून एक मागणी आली. सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनिऑर्डर. खरेदीदाराचे नाव ए. हिडेल, पत्ता डॅलसमधील एका टपालपेटीचा. दुर्बीण बसवलेली इटालियन बनावटीची जुनी लष्करी रायफल त्या पत्त्यावर रवाना झाली.

हिडेल नावाचा कोणी खरेदीदार नव्हताच. टपालपेटी ली हार्वी ऑस्वाल्डची होती. त्याच रायफलीने २२ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेतला. ती जाहिरात ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्वतःच्या मासिकात आली होती. खरेदीदार कोण, हे पडताळून पाहण्याचे बंधन दुकानावर नव्हते.

टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीला आळा घालणारे विधेयक सिनेटर थॉमस डॉड यांनी केनेडींच्या हत्येपूर्वीच मांडले होते. ते पाच वर्षे रखडले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कोठे काँग्रेस हलली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली. प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना या आपल्या दोन मागण्या वगळल्या गेल्याची खंत त्यांनी त्याच प्रसंगी बोलून दाखवली.

येथे भारतीय वाचकाने एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्याकडे शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो तो बंदूक बाळगणाऱ्याला. अमेरिकेच्या संघीय कायद्याने परवाना मागितला तो बंदुका विकण्याचा ‘व्यवसाय’ करणाऱ्याला. दुकानातील ग्राहकाने एक छापील अर्ज भरायचा, आपण गुन्हेगार नाही, व्यसनी नाही असे लिहून द्यायचे, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा! शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली, तर तो अर्जही नाही. ‘व्यवसाय’ म्हणजे नेमके काय, हे मात्र १९६८ च्या कायद्याने सांगितलेच नाही. पुढचा सगळा वाद या एका मौनातून उपजला.

या मौनाचा पहिला फटका बंदूकप्रेमींनाच बसला, हे आज सहसा सांगितले जात नाही. आपल्या संग्रहातील मोजक्या बंदुका विकणाऱ्या हौशी माणसांवरही विनापरवाना व्यापाराचे खटले भरले जातात, अशी तक्रार सिनेटच्या एका उपसमितीने १९८२ मध्ये नोंदवली. ती निराधार नव्हती. १९८६ मध्ये सिनेटर मॅक्लूर आणि प्रतिनिधी व्होल्कमर यांच्या कायद्याने अखेर व्याख्या दिली : ‘उपजीविका आणि नफा’ या मुख्य हेतूने वारंवार खरेदी-विक्री करील तो व्यावसायिक. अधूनमधून किंवा छंद म्हणून विकणारा त्यातून सुटला. त्याच कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्यास मनाई केली.

संग्राहकाला संरक्षण मिळाले, हे न्याय्यच झाले. पण नोकरी सांभाळून दर रविवारी टेबल मांडून बंदुका विकणारा इसमही ‘माझे पोट यावर नाही’ असे म्हणू लागला.

१९८१ मध्ये रेगन यांच्यावरील हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. हल्लेखोराने डॅलसच्या एका गहाणवटीच्या दुकानातून पिस्तूल घेताना अर्जावर खोटा पत्ता दिला होता. ब्रेडींच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला आणि अर्जातील उत्तरे प्रथमच तपासली जाऊ लागली. स्थानिक शेरिफांवर हे काम लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. पुढच्याच वर्षी एफबीआयची तात्काळ तपासणी सुरू झाली. तथापि ही तपासणीही परवानाधारक दुकानापुरतीच. खासगी विक्री १९६८ मध्ये होती तेथेच राहिली.

तिचे मोल कोलंबाइनमध्ये कळले. २० एप्रिल १९९९ रोजी तेथील शाळेत वापरलेल्या चार शस्त्रांपैकी तीन ‘गन शो’त खासगी विक्रेत्यांकडून घेतलेली होती, तीही मारेकऱ्यांच्या एका सज्ञान मैत्रिणीकरवी. तिची स्वतःची नोंद स्वच्छ होती. मग तपासणीने काय साधले असते? तपासणी होणार असती, तर आपण ती खरेदी केली नसती, असे तिने पुढे सांगितले. मेळ्यांतील विक्रीला तपासणी लावणारी दुरुस्ती महिनाभरात सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्या निर्णायक मताने ५१-५० अशी संमत झाली आणि प्रतिनिधिगृहात बारगळली. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये ती आपल्या राज्यापुरती मंजूर करून घेतली.

न्यूटाउनच्या शाळेत २० मुले मारली गेल्यानंतर, १७ एप्रिल २०१३ रोजी, मॅन्चिन आणि टूमी यांची दुरुस्ती ५४-४६ अशी बहुमत मिळवूनही पडली. ६० मते हवी होती. खरे तर न्यूटाउनच्या बंदुका मारेकऱ्याच्या आईने रीतसर विकत घेतल्या होत्या, आणि विरोधकांनी त्यावर नेमके बोट ठेवले. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता : कोणाची बंदूक कोणाकडे गेली हे नोंदवहीविना कळणार कसे, आणि नोंदवही झाली की जप्ती किती दूर? दुरुस्तीत आप्तेष्टांमधील व्यवहार वगळले होते, नोंदवही करणाऱ्याला तुरुंगवासही सांगितला होता. पण संशय कलमांनी फिटत नसतो.

२०१९ मध्ये टेक्ससच्या मिडलंड-ओडेसा भागात ७ जणांना मारणारा माणूस पूर्वी तपासणीत नापास झालेला होता. रायफल त्याने खासगीत घेतली. विकणाऱ्याला विनापरवाना व्यापाराबद्दल दोन वर्षांची कैद झाली.

जून २०२२ च्या कायद्याने १९८६ च्या व्याख्येतील ‘उपजीविका’ गेली आणि ‘प्रामुख्याने नफा’ राहिला. त्यावर आधारलेला नियम मे २०२४ मध्ये लागू व्हायचा होता. मसुद्यावर नागरिकांची साडेतीन लाखांहून अधिक मते आली होती. परवाना लागण्यासाठी किमान किती बंदुका विकलेल्या असाव्यात, हा आकडा नियमाने जाणूनबुजून दिला नाही. हेतू सिद्ध झाला तर एकच विक्रीही पुरे. १९८२ च्या तक्रारीचा तोच सूर पुन्हा उमटला. टेक्ससमधील संघीय न्यायाधीशांनी त्या राज्यासह लुइझियाना, मिसिसिपी आणि यूटा येथे अंमलबजावणी थांबवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आधीच्या सरकारच्या बंदूकविषयक नियमांच्या फेरतपासणीचा आदेश काढला.